आर्वीची छत्री

१९९० च्या सप्टेंबरात नारायणगावच्या एका आडतीच्या गाळ्यावर फोन वाजला. शेठ बाहेर गेले होते, दिवाणजी चहाला. टोमॅटोच्या रिकाम्या पेटीवर मी बसलो होतो आणि मागे मामा पोती रचत होते. मामा म्हणजे गाळ्यावरचे हमाल, त्यांना सगळा बाजार मामाच म्हणायचा. मी नऊ वर्षांचा होतो. फोन उचलला, 'हॅलो' म्हणालो. पलीकडून एका पोराचा आवाज आला, 'हॅलो.' मी पुन्हा 'हॅलो' म्हणालो. तोही पुन्हा 'हॅलो' म्हणाला, अगदी माझ्याच सुरात. मधे कसलीतरी खरखर, एखादा तुटका शब्द. कुणीतरी आपली नक्कल करतंय असं वाटून मी एक शिवी हासडली. ती शिवीसुद्धा तशीच परत आली. मी फोन आपटून ठेवला.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तेव्हा कुवेतमध्ये होते. निदान ऑगस्टपर्यंत तरी होते. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या फोनलाइन तोडल्या गेल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी ना पत्र, ना निरोप. मी गाळ्यावर बसलो होतो तो फोनची वाट बघायलाच. शाळा बुडवून आई मला तिथे बसवत असे.

आता तुम्ही बँकॉकला उतरता, विमान धावपट्टीवर असतानाच ई-सिम चालू करता आणि बॅगा यायच्या आत घरी फोटो पोचलेला असतो. त्यामुळे 'फोनची वाट बघायला बसणं' हे एखादं काम असू शकतं, हे पटायला थोडं जड जाईल. पण ते काम होतं. आमच्या गावात घरी फोन नव्हताच कुणाकडे. नोंदणी करून वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर थांबायचं, हा तेव्हा सगळ्या देशाचा रिवाज होता. मग लोक 'पीपी नंबर' द्यायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर आकड्यापुढे कंसात 'पीपी' लिहिलेलं असे. आमचा पीपी म्हणजे शेठचा गाळा, घरापासून सात किलोमीटर. अप्पांची सुट्टी शुक्रवारी, म्हणून महिन्यातून एका ठरलेल्या शुक्रवारी संध्याकाळी आई, आजी आणि मी एसटीने गाळ्यावर जायचो. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, हे मला बाराखडीबरोबरच शिकवलं गेलं होतं.

यातली गंमत म्हणजे, ज्या तालुक्यात आम्ही एका फोनसाठी सात किलोमीटर जात होतो, त्याच तालुक्यात अख्ख्या देशाचे परदेशी फोन आकाशातून उतरत होते. नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. तिथे १९७१ मध्ये भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. तीसेक मीटर व्यासाची पांढरी थाळी, आकाशाकडे तोंड करून बसलेली. आमच्याकडे तिला 'आर्वीची छत्री' म्हणत. आजीला कुणीतरी सांगितलं होतं की परदेशातलं सगळं बोलणं त्या छत्रीत पडतं. तेव्हापासून तिकडून जाताना ती छत्रीला हात जोडायची. देवळाला जोडतो तसेच.

*

परदेशाशी बोलायचा रस्ता पुणे जिल्ह्यातून जायचा, ही काही आर्वीपासूनची गोष्ट नाही. मी पुढे टेलिकॉम शिकलो, तेव्हा हे हळूहळू उलगडत गेलं.

सुरुवात मुंबईपासून करू. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्रातून तारेची केबल टाकली. एडनवरून पुढे सुवेझ, आणि तिथून थेट लंडन. बोटीने आठवडेच्या आठवडे घेणारी बातमी काही तासांत पोचायला लागली. कापसाचे भाव, युद्धाच्या बातम्या, सरकारी हुकूम. पण हे सगळं कट्ट-कडकट्ट. प्रत्येक शब्दाला पैसे, आणि तेही एवढे की व्यापाऱ्यांनी लांबलचक वाक्यांसाठी एकेक सांकेतिक शब्द ठरवून त्यांची जाडजूड पुस्तकंच छापली. साध्या माणसाला परवडायचं ते पत्र. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा मुंबईहून लंडनला तार जायला लागून तेरा वर्षं झाली होती. तरी आनंदीबाई आणि गोपाळराव यांचं सगळं बोलणं, भांडण, समजूत घालणं झालं ते पत्रांतून. एक वाक्य बोलायचं आणि त्याच्या उत्तरासाठी दोन-तीन महिने थांबायचं. त्या मधल्या महिन्यांत माणूस किती वेळा स्वतःचंच वाक्य मनात घोळवत असेल!

मग त्याच केबलवरून माणसाचा आवाज का नाही पाठवला? तर आवाज ही तारेच्या टकटकीपेक्षा फार दाट गोष्ट आहे. तांब्याच्या तारेतून हजारो किलोमीटर जाताना तो विरून जातो. वाटेत ठरावीक अंतरावर त्याला उचलून धरणारी यंत्रं लागतात, आणि ती समुद्राच्या तळाशी, दाबाखाली, वर्षानुवर्षं बिघाडाशिवाय चालावी लागतात. हे पहिल्यांदा जमलं ते १९५६ मध्ये, अटलांटिक महासागरात. भारताला समुद्राखालची पहिली टेलिफोन केबल मिळाली १९८१ मध्ये, मद्रास ते मलेशियातलं पेनांग. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्याला तारेची केबल लागल्यानंतर शंभरावर वर्षांनी.

मधल्या काळात आवाज गेला तो हवेतून. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात 'बीम' रेडिओ सेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र होतं खडकीजवळ दिघीला, आणि तिकडून आलेलं ऐकायचं केंद्र दौंडला. दोन्ही एकाच ठिकाणी का नाहीत? आपणच ओरडत असताना लांबून कुजबुजणाऱ्याचं ऐकू येत नाही, म्हणून. तोंड दिघीला आणि कान दौंडला. या सेवेवर आधी फक्त तारा जायच्या, १९३३ मध्ये त्याच वाटेने लंडनशी टेलिफोनवर बोलता यायला लागलं. लघुलहरी वर जायच्या, वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली यायच्या, पुन्हा वर जायच्या, अशा उड्या मारत इंग्लंड गाठायच्या. तो थर दिवसा एक वागतो, रात्री दुसरं. सूर्यावर वादळ झालं की बोलणंच बंद. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वे जंक्शन आठवतं आणि तिथे पहाटे प्यायलेला चहा. पण लंडनहून निघालेला माणसाचा आवाज या देशात पहिल्यांदा टेकला तो त्या माळावर.

तो आवाज कुणाचा होता, हे सांगायला नको. संस्थानिक, साहेब, मोठ्या पेढ्या. १९४७ च्या सुरुवातीला सरकारने हा सगळा कारभार खासगी कंपनीकडून ताब्यात घेतला आणि 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' हे खातं निघालं. पण लहरी त्याच, खरखर तीच. परदेशी कॉल बुक करायचा, ऑपरेटर सांगेल तेव्हा फोनजवळ हजर राहायचं, तीन मिनिटं झाली की मधेच त्याची आठवण.

आर्वीने हे बदललं. पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटरवरचा उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. त्याच्याकडे थाळी रोखून धरली की सूर्याच्या वादळांची फिकीर फारशी उरत नाही. विक्रम साराभाईंनी हे केंद्र आपल्याच शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या हातून उभं करवलं. ते पूर्णत्वाला जात असताना, १९७१ च्या डिसेंबरात, ते गेले. १९७२ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचं लोकार्पण झालं आणि त्याला 'विक्रम' नाव मिळालं. अशी केंद्रं डोंगरांच्या कुशीत बांधतात, कारण उपग्रहाकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की शेजारच्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांचा गोंगाट त्याला सहज गिळून टाकतो. खोडदची महादुर्बीण पुढे आमच्याच भागात आली, तिलाही अशीच शांत जागा हवी होती. जुन्नरचे डोंगर शिवबांसाठी प्रसिद्ध आहेत, द्राक्षांसाठीही आहेत. शांततेसाठी त्यांची निवड झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

१९७६ मध्ये मुंबईहून लंडनला ऑपरेटरशिवाय, स्वतः आकडे फिरवून फोन लावता यायला लागला. त्याला आयएसडी म्हणत. दशकभराने, १९८६ मध्ये, परदेशी दळणवळणाचं ते सरकारी खातं जाऊन विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, आली.

*

अप्पा १९८४ ला कुवेतला गेले, क्रेनचे मेकॅनिक म्हणून. एजंटला द्यायचे पैसे सावकाराकडून काढले होते. तेव्हा आखातात गेलेल्या माणसाशी 'संपर्कात राहणं' म्हणजे काय होतं?

एक तर पत्र. पंधरा-वीस दिवसांनी यायचं, त्यात मागच्या महिन्यातल्या तापाची चौकशी असायची. दुसरी कॅसेट. ही गोष्ट आता कुणाला सांगितली की हसतात, पण आखाती घरांमधून ती सर्रास चालायची. तिकडे टेपरेकॉर्डर स्वस्त, म्हणून पहिल्या सुट्टीत प्रत्येक जण तो घेऊन यायचा. मग साठ मिनिटांच्या कॅसेटवर घरच्यांनी बोलायचं, सुट्टी संपवून परत निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर ती पाठवायची. आजी कॅसेटवर बोलताना मशीनकडे न बघता दाराकडे बघायची. मी पाढे म्हणायचो. आई सगळ्यांना बाहेर घालवून मग तिचं बोलायची. ती बाजू आम्ही कधी ऐकली नाही.

तिसरा फोन. आणि फोन सगळ्यात वाईट. मला तरी तेव्हा तसंच वाटायचं. पत्रात आणि कॅसेटमध्ये माणूस घरच्यासारखा बोलायचा, फोनवर सगळे ओरडायचे. अप्पांचे तिकडे मिनिटाला पैसे जातायत, हे डोक्यात पक्कं असल्याने कुणाला काही सुचायचंच नाही. महिनाभर आई मनात जे जुळवून ठेवायची, ते तोंडावर आलं की 'बरं आहे ना? बरं आहे. पैसे पोचले. बरं आहे' एवढंच बाहेर पडायचं. आजी तर फोन कानाला लावून नुसती रडायची आणि अप्पा तिकडून 'आई, बिल चढतंय' म्हणून कळवळायचे.

त्यात भर त्या विरामाची. छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, प्रकाशाच्या वेगाने जायचं म्हटलं तरी पाव सेकंद लागतो. तुम्ही बोललात, ते पाव सेकंदाने पोचलं. त्याचं उत्तर यायला आणखी पाव सेकंद. अर्धा सेकंद म्हणजे फार नाही. पण माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं संपायचा आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचा मेळ याहून कितीतरी बारीक असतो. अर्धा सेकंद शांतता गेली की वाटतं, याला ऐकू गेलं नाही, किंवा राग आला. मग आपण पुन्हा बोलतो, तेवढ्यात त्याचं पहिलं उत्तर येऊन धडकतं, दोघं एकदम थांबतात, दोघं एकदम सुरू करतात. आईला कित्येक वर्षं वाटायचं की अप्पा फोनवर तुटक बोलतात, तिकडे जाऊन बदललेत. यावरून दोघांची खरोखरीची भांडणं झाली आहेत. दोष उपग्रहाच्या उंचीचा होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-आयएसडी-पीसीओची लाट आली. काचेची खोपटी, आत खुर्ची आणि बंद हवा, समोर मीटरवर लाल आकडे. लांबच्या गावाला आकडे भराभर पळायचे, परदेशाला लावला तर डोळ्यांनी मोजता येऊ नयेत असे. लोक तोंडाने बोलत आणि डोळ्यांनी मीटर बघत. बोलणं कुठे थांबवायचं, हे तो लाल आकडा ठरवायचा. या खोपट्यांनी आपल्याकडे जितक्यांना रोजगार दिला, जितकी प्रेमं जमवली आणि मोडली, त्यावर कुणीतरी जाडसा ग्रंथ लिहायला हवा. तो मी लिहिणार नाही, कारण माझी गोष्ट त्या काचेच्या आत घडली नाही.

*

ती घडली गाळ्यावर. कुवेतमध्ये त्या ऑगस्टला पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. बहुतेकांचा मार्ग एकच, बसने बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द, मग अम्मान. अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमानं. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या झाल्या आणि एक लाखाहून जास्त माणसं परत आली. हे आकडे आता अभिमानाने सांगितले जातात आणि ते सांगण्यासारखेच आहेत. पण तेव्हा आमच्यासाठी तो आकडा एकाचाच होता, आणि तो एक कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुवेतचं आपलं उपग्रह केंद्र होतं, उम्म अल-ऐशला, १९६९ पासूनचं. आर्वीच्या छत्रीसारखंच. ते त्या युद्धात उद्ध्वस्त झालं. मला हे कळलं तेव्हा, का कोण जाणे, आर्वीचं कुणीतरी जवळचं गेल्यासारखं वाटलं.

गावात बातमी अशी पसरते की ती आपल्या आधी घरी पोचते. अप्पा गेले, असं लोकांनी धरलं. पैसे येणं बंद झालंच होतं. सावकार एका सकाळी ओट्यावर येऊन बसला. मोठ्याने काही बोलला नाही, नुसता बसला. तिसऱ्या वेळी आल्यावर आईने म्हैस विकली. घरातलं दूध, डेअरीचे पैसे, सगळं त्या एका जनावरावर होतं. दावं सोडताना आजी म्हणाली, 'तो आला तर काय सांगशील?' आईने उत्तर दिलं नाही.

म्हैस गेल्यावर आठव्या दिवशी रात्री अप्पा दारात उभे राहिले. सहार विमानतळावरून एसटी, नारायणगावपासून चालत. हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्या रात्री जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. सरहद्दीवरचे तंबू, पाण्याची रांग, आणि दिनारच्या नोटा, ज्या कुवेतबाहेर कुणी घेईना. मग ते म्हणाले, 'अम्मानला पोचल्यावर पोस्टात दिवसभर रांगेत थांबून एकदा फोन लावला. चौघांनी मिळून पैसे काढले होते, एकाच कॉलचे. पहिला नंबर आपलाच लावला, शेठचा. कुणा पोराने उचलला. मी हॅलो-हॅलो करतोय आणि ते पोरगं नुसतं किंचाळतंय. शिवी दिली आणि ठेवून दिला. पैसे गेले.'

आईने विचारलं, 'कधीची गोष्ट?' अप्पांनी वार सांगितला. म्हैस विकायच्या नऊ दिवस आधीचा.

मी ताटात बघत होतो. काही बोललो नाही.

*

तो आवाज माझाच होता, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला समजलं. फळ्यावर सर 'हायब्रिड' काढत होते. घरातल्या फोनला दोन तारा असतात, बोलणं आणि ऐकणं त्यांच्यावरून एकत्रच. लांब पल्ल्याच्या लाइनला मात्र जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी. जिथे या दोन पद्धती जोडल्या जातात तिथला सांधा कधी पक्का नसतो, तुमचा थोडासा आवाज तिथून गळून परतीच्या वाटेवर पडतो. जवळचा फोन असेल तर तो इतका लवकर परत येतो की जाणवत नाही. उपग्रहावरून असेल तर अर्ध्या सेकंदाने येतो, स्वच्छ, कुणी नक्कल केल्यासारखा. हे टाळायला लाइनवर 'एको सप्रेसर' बसवत. एक जण बोलायला लागला की तो दुसऱ्याची वाट दाबून धरतो. दोघं एकदम बोलले की त्याचा गोंधळ उडतो, दोघांचेही शब्द कापले जातात आणि मधूनच प्रतिध्वनी निसटतो.

म्हणजे मी जितक्या वेळा ओरडून 'हॅलो' म्हणालो, तितक्या वेळा अप्पांचा आवाज दाबला गेला. ती खरखर आणि तो तुटका शब्द म्हणजे अप्पा. मी गप्प बसलो असतो, एक सेकंदभर, तर ते ऐकू आले असते.

सर पुढच्या गणिताकडे वळले. मी वहीत काहीच लिहिलं नाही त्या तासाला.

एक दुरुस्तीही करायला हवी. लहानपणी मी समजत होतो की तो फोन आर्वीवरून आला. पण १९९० पर्यंत आर्वी एकटी राहिली नव्हती. देहरादूनला दुसरं केंद्र होऊन बरीच वर्षं झाली होती, बाकीही वाटा होत्या. उपग्रहावरून आला, एवढं त्या प्रतिध्वनीवरून म्हणता येतं, उतरला कोणत्या छत्रीत ते नाही. आजीला हे मी कधी सांगितलं नाही.

*

पुढचं सगळं भराभर झालं. १९९४ आणि १९९७ मध्ये काचतंतूंच्या मोठ्या केबल मुंबईला लागल्या. १८७० मध्ये जिथून सुरुवात झाली होती तिथेच, समुद्राच्या तळाशी, परदेशी बोलणं परत गेलं. सायबर कॅफेत हेडफोन लावून इंटरनेटवरून अमेरिकेला चोरून बोलणं चालायचं, ते १ एप्रिल २००२ पासून कायदेशीर झालं. त्याच वर्षी व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली, कंपनी खासगी हातात गेली आणि मिनिटाचे दर कोसळायला लागले. खासगीकरण करताना कंपनीच्या ताब्यातली जादा जमीन सरकारने वेगळी काढली. चार शहरांतली मिळून ७७३ एकर, त्यातला सर्वांत मोठा तुकडा दिघीचा. साहेबांचा आवाज लंडनला फेकणारे मनोरे ज्या माळावर उभे होते, तो माळ आता मालमत्तेच्या कागदांतला एक आकडा आहे.

मोबाइल आल्यावर आणखी एक चमत्कार झाला, ज्याकडे आपण लक्ष देत नाही. तुम्ही पॅरिसला उतरता तेव्हा तिथलं नेटवर्क आधी तुमच्या महाराष्ट्रातल्या कंपनीला विचारतं, हा माणूस तुमचा का? होकार आला की मगच दांड्या दिसतात. तुमच्या नंबरचं घर इथेच राहतं. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या रोमिंगमध्ये पुण्याहून तुम्हाला लावलेला फोन आधी भारतातल्या घरी जायचा, तिथून पॅरिसला, आणि त्या दुसऱ्या टप्प्याचं बिल तुमच्या माथी. पहिल्यांदा परदेशी गेलेल्या कितीतरी जणांनी परत आल्यावर ते बिल बघून जमीन गाठली आहे. माझ्या एका मित्राने तर फोन उचललाही नव्हता. तो खिशात वाजत असताना मेल आपोआप उतरत होते, डेटाचं बिल त्याचं.

गेल्या वर्षी कामासाठी दुबईला गेलो होतो. तिथे व्हॉट्सॲपवरून मेसेज जातात, पण कॉल लागत नाही, इंटरनेटवरून बोलायचं तर परवाना असलेली ठरावीक ॲप वापरावी लागतात. ज्या शहरात घरी फोन करायची गरज असलेली माणसं सगळ्यात जास्त, त्याच शहरात ही तऱ्हा. बस स्टॉपवर एक बिहारी मुलगा ॲप चालत नाही म्हणून फोन हलवत होता. त्याला बघून मी हॉटेलवर आलो आणि अप्पांना साधाच फोन लावला. रोमिंगवरून.

अप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकरवर बोलतात. इकडचं तिकडचं झालं. मग मी, कसं कोण जाणे, बोलून गेलो. 'अप्पा, अम्मानहून तुम्ही शेठच्या गाळ्यावर फोन केला होता ना, तो मी उचलला होता. मीच ठेवला.'

पलीकडे शांतता. दुबई ते मुंबई समुद्राखालून आवाजाला सेकंदाचा शंभरावा हिस्सा लागतो. ती शांतता लाइनची नव्हती.

'नाही रे,' अप्पा म्हणाले. 'तो मामांनी उचलला होता.'

'कोण मामा?'

'गाळ्यावरचे, हमाल. आल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो शेठकडे, विचारायला. म्हटलं कोण पोरगं होतं ते. तर मामा पुढे आले. म्हणाले, दादा, माझ्याच हातनं झालं, मला त्या यंत्रातलं कळत नाही, घाबरून ठेवला. शेठने त्यांचा आठवड्याचा पगार कापला त्या वेळी. मी नको म्हणत होतो.'

'पण तुम्ही पोराचा आवाज ऐकला होता ना?'

'मीही तेच म्हणालो. तर मामा म्हणाले, परदेशच्या लाइनवर आवाज बदलतो.'

मी काही बोललो नाही. पोती रचण्याचा आवाज त्या दिवशी मी शिवी दिल्यावर थांबला होता, हे मला तेवढ्यात आठवलं.

'मामा जाऊन आता बारा वर्षं झाली,' अप्पा म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, 'हा फोन मिनिटाला किती पडतो तुला?'